भिरंडं पिकली आणि पाऊस आला: गोव्यातल्या झाडापेडांचं वेळापत्रक

भिरंडसोल | ११ जून २०२५, रात्री ९:४०

केपे तालुक्यात आमचं लहानसं भाट (बागायत) आहे, त्यात भिरंडीची, म्हणजे कोकमाची, जुनी झाडं. एप्रिल सरताना फळ पिकायला लागतं आणि मेचा दुसरा पंधरवडा म्हणजे ऐन घाई. फळ फोडा, बिया काढा, साली उन्हात टाका, सुटलेल्या रसात मीठ घालून त्या परत बुडवा, परत वाळवा. या कामाला सलग कडक ऊन लागतं, त्याला पर्याय नाही.

यंदा २० मेच्या सुमारास आभाळ फाटलं ते मिटलंच नाही. २५ मेला वेधशाळेने मान्सून गोव्यात पोचल्याचं जाहीर केलं. एरवी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. आमच्या निम्म्या साली बुरशीने गेल्या, उरलेल्या फळांचं आगळ (खारवलेला रस) करून टाकलं. सोलं (आमसुलं) विकत आणायची पाळी या घरावर पहिल्यांदाच आली म्हणून सासूबाई अजून धुसफुसताहेत.

त्यांचं म्हणणं असं की हे एका पावसाचं नाही. मानकुराद आंब्याचा मोहोर उशिरा येतो, काजूला दोनदा फुलोरा येतो, बहावा भलत्याच वेळी पिवळा होतो. मला प्रश्न पडलाय की हे सगळं एकाच कारणाने होतंय की आपण उगाच एका दोरीत ओवतोय? तुमच्या गावात काय दिसतं ते लिहा. ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं.

कुळागर | ११ जून २०२५, रात्री १०:२५

ताई, सोलांचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे सावईवेऱ्याला आंब्याची तीच गत. आंब्यापुरतं सांगतो, कारण ते रोज डोळ्यांसमोर असतं.

आंब्याला मोहोर यायला दोन गोष्टी लागतात. पावसानंतर आलेली पालवी जून झाली पाहिजे आणि मग रात्री गार पडल्या पाहिजेत. पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात उघडला, जमीन सुकली, झाडाला थोडा ताण बसला की डिसेंबरात मोहोर फुटतो. पण पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला तर झाड म्हणतं, अजून ओल आहे, आणखी पालवी काढू. ती कोवळी पालवी जून होईपर्यंत जानेवारी संपतो. मोहोर ते पिकलेलं फळ यात साधारण साडेतीन-चार महिने जातात. आता हिशेब करा. फेब्रुवारीच्या मोहोराचा आंबा मे अखेरीस तयार होणार आणि यंदा तेव्हा आम्ही छत्री घेऊन आंबे उतरवत होतो. भिजलेला आंबा टिकत नाही, वर फळमाशी. मुसराद आणि हिलारियोसारख्या मागाहून येणाऱ्या जाती तर झाडाखालीच कुजल्या.

म्हणजे पाऊस उशिरा जातो हे एक टोक, लवकर येतो हे दुसरं. मधली कोरडी खिडकी आखडली की आंबा, काजू, भिरंड सगळे एकदमच अडकतात. शिवाय फेब्रुवारी तापला की लहान कैऱ्या गळतात तो भाग वेगळाच. भारतात १९०१पासूनच्या नोंदींत दिवसाच्या कमाल तापमानाच्या सरासरीने २०२३चा फेब्रुवारी सगळ्यात गरम ठरला होता.

पुनर्मोहोराबद्दलही लिहायचं होतं, थोडक्यात सांगतो. पहिल्या मोहोराची कैरी वाटाण्याएवढी झालेली असताना परत थंडी पडली तर त्याच फांदीवर नवा मोहोर येतो आणि झाड आपलं अन्न तिकडे वळवतं. पहिली कैरी गळते. बाहेरून पाहणारा म्हणतो, वा, काय मोहोर आलाय!

शंकासुर | १२ जून २०२५, सकाळी ७:५०

धागा चांगला आहे, पण थोडं थंड डोक्याने घेऊ. २०२३ साली मान्सून केरळात ८ जूनला आला आणि गोव्यात ११ जूनला. तेव्हा सगळे ‘पाऊस उशिरा यायला लागला’ म्हणून लिहीत होते. यंदा केरळात २४ मेला आला तर ‘पाऊस लवकर यायला लागला’. दोन्ही कसं खरं असेल? २००९ साली तो केरळात २३ मेला आला होता, तेव्हा कोणी धागा काढला नाही.

मोहोर मागेपुढे होणं हे आमचे आजोबाही सांगायचे. एका वर्षाच्या पावसावरून हवामानबदल सिद्ध होत नाही.

कुळागर | १२ जून २०२५, सकाळी ८:३०

@शंकासुर, आगमनाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण जाण्याचं काय? वेधशाळेने २०२० साली मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. केरळातल्या आगमनाची १ जून तशीच राहिली. परतीची सुरुवात मात्र वायव्य राजस्थानात १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. हे एका वर्षाचं नव्हे, अनेक दशकांच्या नोंदींचं आहे. आंब्याला आगमनापेक्षा परतीची तारीख जास्त छळते.

वनरागिणी | १२ जून २०२५, दुपारी ३:१५

वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांब लिहिणार आहे. कंटाळा आला तर सरळ खालच्या प्रतिसादावर जा.

भिरंडसोल यांच्या प्रश्नाचं उत्तर ‘एकाच कारणाने नाही’ असं आहे आणि सगळी गुंतागुंत तिथेच आहे. प्रत्येक जीव ऋतू ओळखायला वेगळी खूण वापरतो. काहींची खूण म्हणजे दिवसाची लांबी. गोव्यात डिसेंबरातला दिवस सव्वाअकरा तासांचा आणि जूनमधला तेरा तासांचा. फरक लहान आहे, पण तो दरवर्षी ठरल्या दिवशी पडतो आणि हवामान कितीही तापलं तरी बदलत नाही. काहींची खूण रात्रीचा गारवा, जसा आंबा. काहींची कोरड. सावर, पांगारा, पळस पानं झाडून ऐन उन्हाळ्याच्या तोंडी फुलतात. काहींची खूण म्हणजे पहिला मोठा पाऊस: बेडूक, उधई (वाळवी), सड्यावरची फुलं, रोणांवरची (वारुळांवरची) अळमी.

एकाच लग्नाला निघालेले पाहुणे समजा. कोणी पत्रिकेतला मुहूर्त बघून निघतो, कोणी बँडचा आवाज ऐकून. मुहूर्त तोच राहिला आणि बँड अर्धा तास आधी वाजला तर मांडवात निम्मीच माणसं. तापमान आणि पाऊस या खुणा सरकताहेत, दिवसाची लांबी जागच्या जागी आहे. त्यामुळे ‘सगळे ऋतू पंधरा दिवस पुढे गेले’ असं साधं काही घडत नाही. तसं असतं तर फारसं बिघडलंही नसतं, सगळेच एकत्र सरकले असते.

याचं नीट मोजलेलं उदाहरण नेदरलँड्समधलं आहे. पाईड फ्लायकॅचर नावाचा छोटा माशीमार पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि वसंतात युरोपला परततो. परत निघायची वेळ तो दिवसाच्या लांबीवरून ठरवतो, कारण आफ्रिकेत बसून हॉलंडात किती गरम झालंय हे त्याला कळायचा मार्ग नाही. तिकडे वसंत लवकर तापू लागला, ओकची पानं लवकर फुटली, पानांवरच्या अळ्या लवकर झाल्या आणि पिल्लं अंड्यातून बाहेर येईपर्यंत संपल्या. अळ्यांचा बहर जिथे सगळ्यात आधी येऊन जायचा, त्या जंगलांत दोन दशकांत या पक्ष्यांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली.

आणि शंकासुर, ‘आजोबाही सांगायचे’ याला उत्तर लांब नोंदींतूनच मिळतं. जपानात क्योटोला चेरी कधी फुलली याच्या नोंदी नवव्या शतकापासून आहेत, दरबारी रोजनिशींतल्या. त्यात वर्षागणिक मागेपुढे भरपूर आहे. पण २०२१ साली पूर्ण बहर २६ मार्चला आला. इतका लवकर तो बाराशे वर्षांत कधी आला नव्हता. त्याआधीचा विक्रम १४०९ सालचा होता.

शंकासुर | १२ जून २०२५, संध्याकाळी ६:०५

क्योटो हे मोठं शहर आहे. काँक्रीट वाढलं की शहर तापतं. चेरी त्याने लवकर फुलली असेल.

वनरागिणी | १२ जून २०२५, रात्री ८:२०

रास्त शंका. शहराचा उष्मा वेगळा काढून लोकांनी हिशेब केला आहे. त्याचा वाटा मोठा निघतो, पण सगळी सरक त्याने भरून निघत नाही. आणि हीच शंका पणजीतल्या बहाव्याबद्दलही घ्यायला हवी, ती लक्षात ठेवते.

अवलिया_डोंबिवली | १३ जून २०२५, दुपारी १२:१०

गोव्यात नेहमी येणारा मुंबईकर. एवढंच सांगा, हुर्राकला (काजूच्या मोसमी दारूला) यायचं तर मार्चमध्ये की एप्रिलमध्ये? गेल्या खेपेला भाटीवाला (दारू गाळणारा) म्हणाला अजून काजूची बोंडं नाहीत.

(गंभीर धाग्यावर अगंभीर प्रश्न विचारल्याबद्दल मारू नका.)

डिचोलीचा_बोंडू | १३ जून २०२५, रात्री ११:०२

मारणार नाही, प्रश्न अगदी धाग्याचाच आहे.

काजूला पावसाळा संपल्यावर नवी पालवी येते आणि तिच्या टोकाला फुलोरा. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तो टप्प्याटप्प्याने येत राहतो. फूल धरल्यापासून साधारण दोन महिन्यांत बी तयार होते. फुलोऱ्याच्या वेळी हवा कोरडी आणि ऊन स्वच्छ पाहिजे. आभाळ दाटलं की ढेकण्या किडा पालवी आणि फुलोऱ्यातला रस शोषतो आणि तुरा करपून काळा पडतो. त्यात अवकाळी सरी आल्या तर भुरी. मग झाड परत फुलोरा काढतं आणि अख्खा हंगाम पुढे ढकलला जातो. भिरंडसोल ताईंच्या सासूबाई म्हणतात तो दुसरा फुलोरा हाच असावा.

आता भाटीवाल्याच्या बाजूने बघा. भाटीचा परवाना, मजूर, डोंगराची पावणी (काजूच्या डोंगराचा लिलाव) हे सगळं ठरलेल्या मोसमावर बेतलेलं. बोंडं गोळा करून कोळंबीत (त्यासाठीच्या कुंडात) तुडवायची, निरो (रस) काढायचा, आंबवायचा, पहिल्या धारेचा हुर्राक, मग फेणी. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण बोंडू झाडावर वेळेत आलाच नाही तर मानांकन काय चुलीत घालायचं? मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस आला की जमिनीवरची बोंडं पाणी पितात, निरो पातळ होतो, काम थांबतं. शेवटची फेणी काढायचे नेमके ते दिवस यंदा वाहून गेले.

तर डोंबिवलीकर, मार्च अखेर ते एप्रिल मध्य. पण यायच्या आधी भाटीवाल्याला फोन करा, पंचांग बघू नका.

पाणकावळा | १५ जून २०२५, सकाळी ६:३०

पक्षी बघत हिंडतो, त्यामुळे पहाटेच धागा वाचला.

वनरागिणी मॅडमनी हॉलंडचं उदाहरण दिलं. आपल्याकडे बघायचं तर चातक बघा. तो आफ्रिकेतून मान्सूनच्या वाऱ्यांबरोबर येतो, घरटं स्वतः बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो. म्हणजे त्याला पाऊस, वारा आणि सातभाईंचा विणीचा काळ, तिन्ही जुळावे लागतात. यातलं एक जरी निसटलं तरी पिल्लाचा पत्ता कटला.

पण यंदा मला पक्ष्यांपेक्षा बेडकांनी धक्का दिला. मेच्या शेवटी जांभ्याच्या सड्यावर डबकी तुडुंब भरली. रात्री बेडकांचा असा गलका की बोललेलं ऐकू येईना. अंडी पडली. मग पुढे सरकणारा मान्सून थबकला (देशभरातच मेच्या २९ तारखेपासून तो जागच्या जागी आहे) आणि आमच्या सड्यावर ऊन पडलं. उथळ डबकी आटली, शेपट्या वळवळणारी पिल्लं चिखलात. पाऊस लवकर आला हे बेडकांच्या दृष्टीने चांगलंच होतं. तो आला आणि दडी मारून बसला, हे वाईट झालं. आगमनाची तारीख जाहीर झाली की आपण ती मिरवतो, बेडकाला तारखेत काडीचा रस नाही, त्याला सलग ओल हवी.

काजव्यांबद्दल कोणी लिहील का? त्यांची अळी ओल्या मातीत गोगलगायी खाऊन वाढते आणि प्रौढ काजवे पावसाच्या तोंडावर काही दिवसच चमकतात. त्या नेमक्या दिवसांत धो-धो कोसळला की खेळ आवरता. आमच्या बाजूला यंदा ते फारसे दिसलेच नाहीत.

रापणकार | १५ जून २०२५, रात्री ९:१५

समुद्राची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. कागदावर तारीख पक्की. मासळी अंडी घालते त्या काळात जाळं नको हा त्यामागचा विचार, आणि तो बरोबर आहे. पण तारला आणि बांगडा तारीख वाचत नाहीत. पावसाळी वाऱ्याने खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं, त्यावर बारीक जीव वाढतात आणि त्यावर पिल्लं जगतात. हे पाणी वर यायची वेळ हलली की सगळंच हललं.

यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यात समुद्र खवळलेला, ट्रॉलर आपोआप बंदरात. म्हणजे बंदी आठवडाभर आधीच लागली म्हणा, आणि त्या आठवड्याचं नुकसान कोणाच्याच हिशेबात नाही. २०२१च्या मेमध्ये तौक्ते आलं तेव्हाही हंगामाचे शेवटचे दिवस असेच गेले. अरबी समुद्र तापतोय, वादळं वाढली आहेत, हे आता आम्हाला कोणी शिकवायला नको. बंदीच्या तारखा बदला असं मी म्हणत नाही, त्या बदलायला गेलं की सगळे आपापल्या सोयीने ओढतील. पण दरवर्षी मासळीच्या पोटात गाभोळी कधी भरते हे बंदराबंदरांवर लिहून ठेवायला काय हरकत आहे?

गालजीबाग | १७ जून २०२५, सायंकाळी ५:२०

काणकोणहून लिहिते. रापणकार भाऊ, कासवांचं पण तुमच्यासारखंच. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि आमचं गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येते. अंडी वाळूत पंचेचाळीस ते साठ दिवस. आतली वाळू साधारण २९ अंशांच्या वर गेली की माद्या जास्त निपजतात, खाली राहिली की नर जास्त. म्हणजे कासव महिनाभर आधी आलं की नंतर, यावर पिल्लांमध्ये नर किती हे ठरतं. मार्चमधल्या घरट्याची वाळू एप्रिलमध्ये पायाला चटके देते. उबवणीच्या जागी वर सावली धरतात ती उगाच नाही.

शंकासुर | १८ जून २०२५, सकाळी ७:४०

सगळ्यांचे अनुभव वाचले. पाहिलेलं खोटं म्हणत नाही. पण एक अडचण आहे ती कोणीच बोललं नाही.

आपण आठवण ठेवतो ती सणावर. ‘चवथीला (गणेशचतुर्थीला) कवंडळं (रानवेलीची फळं) पिकलेली असायची’, ‘शिगम्याला (होळीच्या सणाला) कैऱ्या मोठ्या असायच्या’. २०२० साली चवथ २२ ऑगस्टला होती, २०२३ साली अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला. जवळजवळ महिन्याचा फरक! कवंडळ तिथेच आहे हो, चवथ हललेली असते. माटोळी (गणपतीवर रानफळं टांगायची चौकट) बांधताना ‘यंदा रानात काही मिळालं नाही’ असं म्हणणाऱ्या किती जणांनी त्या वर्षीची तारीख बघितली?

वनरागिणी | १८ जून २०२५, सकाळी ९:१०

शंकासुर, हा या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे. टाळ्या.

माडाचोबुडो | १८ जून २०२५, रात्री १०:४५

दिवाडीकर आहे, वय झालंय, म्हणून माझं मत मोफत.

चांद्र तिथी दगा देते हे खरं. पण आपल्याच गावात सूर्यावर चालणारी दोन पंचांगं पडून आहेत. एक शेतकऱ्याची नक्षत्रं. रोहिणी २५ मेच्या आसपास, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ला. ती सूर्याच्या जागेवरून ठरतात, अधिक महिन्याने हलत नाहीत. आमच्याकडे खाजनात (खाडीकाठच्या खाऱ्या शेतात) कोरगूट भात पेरायचं तर आधी पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन जावं लागतं. रोहिणीत पाऊस आला म्हणून कोणी नाचत नाही, मृगात तो टिकला का ते बघतात. पाणकावळ्याच्या बेडकांचंही तेच गणित.

दुसरं पंचांग फेस्तांचं (ख्रिस्ती सणांचं). सांजांव, म्हणजे सेंट जॉनचं फेस्त, दरवर्षी २४ जूनला. तेव्हा बावी (विहिरी) भरलेल्या असतात म्हणून पोरं कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून उड्या मारतात. बाव किती भरली हे त्याच दिवशी दरवर्षी बघता येतं, फुकटात. तसंच कणसांचं फेस्त. रायला ५ ऑगस्टला भाताची नवी कणसं चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात, ताळगावात २१ ऑगस्टला. पाऊस उशिरा आला, पेरणी उशिरा झाली, तर ५ ऑगस्टला कणसात दाणा कुठून येणार? पाद्रीबाबला विचारा, हिरवं कणीस आलं की भरलेलं, ते त्याला आठवत असतं. गावातल्या जुन्या लोकांना त्या-त्या फेस्ताच्या दिवशी काय होतं हे विचारलं तर उत्तर बरंच भरवशाचं मिळतं.

वनरागिणी | १९ जून २०२५, सकाळी ८:००

काका, फार छान. एक शेपूट जोडते. नक्षत्रंही अगदी खिळ्याला ठोकलेली नाहीत. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ भोवऱ्यामुळे ऋतूंच्या मानाने ती सुमारे ७१-७२ वर्षांत एक दिवस सरकतात. नातवंडांच्या नोंदींपुरती ती स्थिरच धरा. क्योटोसारखी हजार वर्षांची वही ठेवायची झाली तरच अडचण येईल.

भिरंडसोल | १९ जून २०२५, रात्री ९:३०

वाचतेय सगळं. सासूबाईंना शंकासुरांचं म्हणणं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘चवथ हलते हे त्याला आज कळलं का?’

कुळागर | ३० ऑगस्ट २०२५, दुपारी ४:००

धागा वर काढतोय. यंदा चवथ २७ ऑगस्टला, म्हणजे लवकरच. माटोळीसाठी रानात गेलो होतो. कवंडळं लागलेली होती पण हिरवी. आंबाडे मुबलक. नागलकुडा मिळाला. घागऱ्यांना शेंगा नीट धरलेल्या नव्हत्या, कांगुणी शोधून शोधून एक घोस. शंकासुरांच्या भाषेत सांगायचं तर यात नवल काही नाही, २७ ऑगस्टला हे असंच असणार. २०१७ साली चवथ २५ ऑगस्टला होती, त्या वर्षीचा माटोळीचा फोटो कोणाकडे असेल तर टाका. सारख्या तारखेचे फोटो शेजारी ठेवले तर काही बोलता येईल.

सत्तरीकर_बाय | ३१ ऑगस्ट २०२५, सकाळी १०:२०

फोटो शोधते. पण भावांनो, कांगुणी न मिळण्याला ऋतूच जबाबदार असेल असं नाही. आमच्या वाटेवरची रानवेलींची बेटं रस्ता रुंद करताना गेली. उरलेल्या जागेत रानमोडीचं तण माजलं. आणि बाजारात माटोळीचं सामान विकायला लागल्यापासून वेली फळासकट मुळापासून ओढतात. अळम्यांचंही तेच. रोण फोडून अळमी काढली की खालच्या उधईचं घर मोडतं, पुढच्या वर्षी तिथे काही येत नाही. मग आपण म्हणायचं पाऊस बदलला.

पाऊस बदललाय, तेही खरंच. पण दोन्ही गोष्टी एकाच टोपलीत टाकू नका. झाड आहे पण उशिरा फुललं, हे एक. झाडच नाही, हे वेगळं.

पाणकावळा | ३१ ऑगस्ट २०२५, दुपारी १२:००

+१. यासाठीच एकच झाड धरून वर्षानुवर्षं बघायला हवं. ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम आहे, २०१० सालच्या आसपास सुरू झालेला. एक झाड निवडायचं, दर आठवड्याला बघायचं: कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं. प्रत्येकासमोर ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘भरपूर’ एवढंच लिहायचं. केरळात शाळांनी यात खूप नोंदी केल्या. तिथे विषुला, म्हणजे १४ एप्रिलच्या सुमारास, बहाव्याची फुलं देवापुढे लागतात. तो बहावा विषुच्या बराच आधी आणि अवेळी फुलतो हे त्या नोंदींत दिसलं.

आपण इथेच एक तक्ता करू. गाव, झाड, तारीख, टप्पा. सण लिहायचा असेल तर कंसात.

रापणकार | ३१ ऑगस्ट २०२५, रात्री ८:४०

मासळीचा रकाना ठेवा. गाभोळी असलेला बांगडा पहिला कधी आला आणि कुठल्या बंदरावर, इतकं मी लिहीन.

कुळागर | १ सप्टेंबर २०२५, सकाळी ७:१५

तक्ता उघडलाय, पण झाड निवडताना जपून. कल्टार घातलेलं आंब्याचं झाड नको, ते औषधाने मोहोरतं, ऋतूने नव्हे. ठिबकवरचं नको. सांडपाण्याच्या गटाराशेजारचं नको, त्याला उन्हाळाच कळत नाही. कलम असेल तर जात लिहा, रायवळ असेल तर तसं लिहा. आणि भिरंडीचं धरणार असाल तर मादी झाड आहे ना ते बघून घ्या.

शंकासुर | १ सप्टेंबर २०२५, सकाळी ७:५५

माझ्या घरासमोर पणजीत बहावा आहे. चालेल? त्याच्यावर पथदिवा आहे मात्र.

वनरागिणी | १ सप्टेंबर २०२५, सकाळी ८:३०

दिव्याखालचा नको. रात्रभर उजेड पडला की झाडाला दिवसाची लांबी चुकीची कळू शकते. शिवाय शहराच्या उष्म्याची शंका तुम्हीच काढली होती. मागच्या गल्लीतला बघा, नाहीतर आल्तिन्होच्या उतारावरचा.

शंकासुर | १ सप्टेंबर २०२५, सकाळी ८:४१

उतारावरचा धरतो. रविवारी बघेन.